पुस्तक फुकट अन् गाईड विकत

पाठ्यपुस्तकावरून आपल्याकडं भांडण लागतं ते आत काय छापलंय यावरूनच. कोणाचा धडा काढला, कोणाचा घातला, कोणत्या राजाला किती पानं दिली. २०१९ च्या जूनमधी दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' अशी संख्या वाचायची पद्धत आली तर किती गदारोळ झाला आठवतोय का, विधानसभेत विनोद झाले, टीव्हीवर आठ आठ खिडक्यांतून माणसं ओरडायलेली, अन् गणिताच्या समितीवरच्या मंगला नारळीकर बाई शांतपणानं सांगायल्या की बोलताना सत्तावन्नमधला सात आधी येतो अन् लिहिताना पाच आधी, बारकी लेकरं इथं अडखळतेत. ते पटो न पटो. पण त्या अख्ख्या गोंधळात एकानंबी विचारलं नाही की हे पुस्तक वर्गात उघडतं किती वेळ, अन् उघडल्यावर त्याचं नेमकं काय करतेत.

माझं बीड जिल्ह्यातल्या धारूरला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे त्यामुळं मला हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूनं दिसतो. आमच्याकडं नववी-दहावीची जुनी पुस्तकं पण येतेत, अर्ध्या किमतीत घ्यायची अन् थोडं वर लावून द्यायची, जून-जुलै तेच चालतं. आता जुनं पुस्तक बघितलं ना की वर्षभर वर्गात काय झालं ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतंय. स्वाध्यायाचं पान मळलेलं. धड्यात पेन्सिलीनं कंस केलेला, कंसाच्या डोक्यावर 'प्र. २', म्हणजे उत्तर इथून सुरू अन् इथं संपलं. दोन कंसांच्या मधला मजकूर कोरा करकरीत. विज्ञानात 'करून पाहा' अशी चौकट असते, 'जरा डोके चालवा' असते, 'थोडे आठवा' असते, या चौकटींवर एक डाग नसतो, बोटाचा ठसा नसतो. भूगोलाचे नकाशे तर असे स्वच्छ की पुन्हा छापायला द्यावेत. आणखी एक, काही पुस्तकांत शेवटच्या दोन-तीन धड्यांची पानं एकमेकांना चिकटलेली असतेत, प्रेसमधून आली तशी, मी स्वतः पट्टी घालून सोडवलेत.

म्हणजे पुस्तक वापरलं नाही असं नाही. वापरलं. पण वाचलं नाही. त्यातनं उत्तरं काढून घेतली अन् चोथा माझ्या दुकानात आणून दिला. माझं म्हणणं एवढंच आहे, अन् पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे: आपल्याकडं पाठ्यपुस्तक ही 'संपवायची' गोष्ट झालीय. पोर्शन. जोपर्यंत ते संपवायचं आहे तोपर्यंत आत काय छापता याला काडीचा अर्थ नाही, कितीही चांगली माणसं समितीवर बसवा.

आता यात ही पुस्तकं काढणाऱ्या बालभारतीला शिव्या घालणारे लई भेटतेत पण मी घालणार नाही. कोठारी आयोगानंतर २७ जानेवारी १९६७ ला ही संस्था पुण्याला सुरू झाली, अन् तिच्यामुळं मुंबईच्या लेकराला जे पुस्तक तेच आमच्या डोंगरातल्या तांड्यावरच्या लेकराला, त्याच कागदावर, त्याच चित्रांसकट. आपल्या मराठवाड्यासाठी ही बारकी गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात हायस्कूलचं शिक्षण उर्दूतून होतं, आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक मॅट्रिक उर्दूतून झालेले, हिशोब उर्दू आकड्यात करायचे अन् अभंग मराठीत म्हणायचे. १९४८ ला पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, अन् नंतर हे सारखं पुस्तक आलं. आता तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पहिली ते आठवीला ते फुकट मिळतं. गावातल्या किती घरात शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं छापील काही आहे ते बघा एकदा. पंचांग, लग्नपत्रिका, देवाची एखादी पोथी, संपलं. तिथं पाठ्यपुस्तक हेच वाचनालय असतंय.

म्हणून ते 'पुस्तकाशिवाय शिक्षण' म्हणणारे लोक आले की माझं डोकं फिरतं. कृतीतून शिका, निसर्गातून शिका, पुस्तकं जाळा. बरं चाललंय तुमचं. ज्यांच्या घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत त्यांनी पाठ्यपुस्तक फेकलं तर त्यांच्या लेकराचं काही बिघडत नाही. आमच्याकडं फेकलं तर मागं उरतो फळा अन् मोबाईल. मोबाईलवर बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमधी फुकट आहेत, पुस्तकातल्या क्यूआर कोडवर दीक्षा अॅपचे व्हिडिओ आहेत, सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं त्या क्यूआर कोडपायी जगभर नाव झालं, सगळं खरंय. पण घरातला मोबाईल असतो बापाच्या खिशात, बाप येतो रात्री आठला, अन् तवा त्याला रील बघायच्या असतेत. जुन्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला का नाही हे मला कळायला मार्ग नाही, पण पाचवी-सहावीची लेकरं दुकानात आली की विचारतो मी कधीमधी, बहुतेकांना तो चौकोन कशासाठी छापलाय हेच माहीत नसतं.

तर पुस्तक फुकट. अन् गाईड विकत. आता धंद्याचं सांगतो. बालभारतीच्या पुस्तकावर दुकानदाराला सुटतं ते नावाला, ती ठेवायची कारण गिऱ्हाईक येतं. सुटतं ते गाईडवर, डायजेस्टवर, अपेक्षित प्रश्नांच्या संचावर. दहावीच्या एका विषयाच्या पुस्तकाला जेवढे पैसे पडतेत त्याच्या कितीतरी पट त्याच विषयाच्या गाईडला पडतेत, अन् बाप पुस्तकाच्या वेळी म्हणतो 'जुनं चालंल', गाईडच्या वेळी म्हणतो 'नवीनच द्या, आवंदाचं'. हाच माणूस सोयाबीनच्या भावावर घंटाभर घासाघीस करतो अन् गाईडची छापील किंमत मुकाट्यानं मोजतो. अगोदर हे दहावीपुरतं होतं. २०२३-२४ पासून पाचवी अन् आठवीला वार्षिक परीक्षा परत सुरू झाली, तवापासून पाचवीचं गाईड मागायलेत. पाचवीचं! दहा वर्षाच्या लेकराला.

बापाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याला बरोबर कळलंय की परीक्षेत काय विचारतेत. परीक्षेत धड्याखालचा प्रश्न विचारतेत अन् त्याचं उत्तर गाईडमधी आहे, मग मधला धडा कशाला पाहिजे? बोर्डानं यावर उपाय केला नाही असंही नाही. भाषांना प्रश्नपत्रिका काढून कृतिपत्रिका आणली, म्हणजे उतारा वाचून आपल्या मनानं लिहायचं, घोकून आलेलं चालणार नाही. कल्पना झकास होती. त्याच वर्षी दहावीचे तोंडी परीक्षेचे वीस मार्क पण काढले, पुस्तकंही नवी होती. अन् २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता तो २०१९ ला ७७.१० वर आला. लगेच ओरड झाली, लेकरं अकरावीला मागं पडतील म्हणून, अन् पुढच्याच वर्षी वीस मार्क परत. कृतिपत्रिका राहिली, पण तोवर गाईडवाल्यांनी 'तयार कृती उत्तरांसह' बाजारात आणल्या होत्या. आपल्या मनानं लिहायचं उत्तर पण रेडीमेड मिळायलं. अन् ज्यांना तेवढंबी पाठ होत नाही त्यांच्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधी झेरॉक्सच्या दुकानात मायक्रो झेरॉक्स आहेच, गाईडचं अख्खं पान काडेपेटीएवढं करून देतेत. मराठवाड्याचं नाव कॉपीसाठी निघतं, भरारी पथकं येतेत, सेंटरभोवती पोलीस उभे करतेत, फोटो छापून येतेत. ते करावंच. पण कॉपीत असतंय काय तर गाईडमधलं उत्तर, जे वर्गात पण वहीत उतरवून घेतलं होतं. जून ते फेब्रुवारी उतरवून घेणं म्हणजे अभ्यास अन् मार्चमधी उतरवलं की गुन्हा, हे त्या पोराला कोड्यात टाकणारंच आहे.

आता मास्तरांकडं येतो, कारण सगळे शेवटी तिथंच बोट दाखवतेत. माझ्या गिऱ्हाईकांत निम्मे जिल्हा परिषदेचे गुरुजी अन् बाई आहेत, टाचण वह्या, म्हणजे कोणता पाठ कसा घ्यायचा ते लिहायच्या वह्या, माझ्याकडूनच नेतेत. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण, कोणत्या महिन्यात कोणता पाठ, केंद्रप्रमुख आले की पहिला सवाल 'किती पाठ झाले?' कोणीबी विचारत नाही की किती लेकरांना वाचता आले. दोन शिक्षकी शाळा असली की एका मास्तरकडं दोन-तीन वर्ग, त्यात एक मास्तर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर किंवा ऑनलाईन माहिती भरायला, मग दुसऱ्यानं एका वर्गाला धडा वाचून दाखवायचा अन् दुसऱ्याला प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. ती प्रश्नोत्तरं कुठून येतेत? गाईडमधून. घेतेत की माझ्याकडून, एक एक सेट, पावती करतच नाहीत बिचारे, स्वतःच्या खिशातून घेतेत.

अन् खरी अडचण तर पुढंच आहे. पुस्तक वाचा म्हणतोय मी, पण वाचता यायला पाहिजे ना. लेकरांना वाचता येतं का हे घरोघर जाऊन बघणाऱ्या असर या पाहणीचा २०२४ चा अहवाल आहे, देशभरातल्या खेड्यांमधली सरकारी शाळेतली तिसरीची लेकरं घेतली तर दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी २३.४ टक्के. अन् हे सुधारलेलं आहे बरं का, २०२२ ला १६.३ होतं. पाचवीतसुद्धा निम्म्याच्या आतच आहेत. म्हणजे पाचवीच्या वर्गात पाचवीचं पुस्तक उघडलं तर निम्म्याहून जास्त लेकरांसाठी ते बंदच आहे. ती पानावर बोट फिरवतेत, बाजूच्याचं ऐकून ओठ हलवतेत. मग मास्तर काय करणार, उत्तर लिहून देणार, कारण उतरवायला सगळ्यांना येतं. लेकराची वही भरलेली दिसते, अक्षर पण चांगलं असतं, अन् त्यातलीच एक ओळ वाच म्हणलं की गप्प.

यावर साधा उपाय आहे अन् चांगले मास्तर तो गुपचूप करतेत पण. पाचवीच्या लेकराला दुसरीचं पुस्तक द्यायचं. सरळ. महिना-दोन महिने तेच वाचायचं, मोठ्यानं वाचायचं, एकमेकाला वाचून दाखवायचं, मग तिसरीचं, मग आपलं. एक बाई आहेत आमच्याकडच्या, त्या शाळेतली जुनी दुसरी-तिसरीची पुस्तकं रद्दीत जाऊ देत नाहीत, कपाटात एक खण भरलेला आहे, सहावीची पोरगी त्यातून दुसरीचं पुस्तक काढून बसली होती अन् 'धडा झाला' म्हणायच्या ऐवजी 'ह्या गोष्टीत म्हातारीनं खोटं कामून सांगितलं' म्हणून बाईशी भांडायली. खोटं सांगितलंच नव्हतं म्हातारीनं, पोरीनं एक ओळ चुकीची वाचली होती, अन् बाईनं सांगायच्या ऐवजी तिला ती ओळ तीनदा वाचायला लावली, तिसऱ्यांदा तिलाच हसू आलं. मला विचाराल तर हे झालं पुस्तक शिकवणं. पण टाचण वहीत हे लिहायला जागा नाही. त्या बाई तिथं लिहितेत 'पाठ ७ पूर्ण'. चांगलं काम करायचं असलं तर खोटं लिहावं लागतं अशी आपली व्यवस्था.

दप्तराच्या ओझ्यावर नेमलेल्या यशपाल समितीनं १९९३ लाच लिहून ठेवलंय की शिकवलं जातं भरपूर अन् शिकलं किंवा समजलं जातं फार थोडं. तीस वर्षं उलटून गेली. आपण त्यातलं दप्तराचं ओझं तेवढं उचललं, कारण ते वजनकाट्यावर मोजता येतं. ओझ्यापायीच २०२३ ला पुस्तकाचे चार भाग केले, सगळे विषय एका भागात, अन् प्रत्येक धड्यामागं कोरी पानं, लेकरांनी नोंदी करायच्या म्हणून, म्हणजे वेगळी वही लागणार नाही. माझ्याकडं वह्यांचा खप तसूभर कमी झाला नाही. कोरी पानं कोरीच राहिली, नाहीतर त्याच्यावर पण प्रश्नोत्तरं उतरवली. जानेवारी २०२५ ला तो निर्णय शासनानं मागं घेतला अन् सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

मी पण टाकला असता, पण एक गोष्ट मधी येते. आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतेत, मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, अर्धी वस्ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं अन् कुत्री. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबांकडं काही लेकरं राहतेत, पण बरीच जातेत. एकदा एक बाई दुकानात आली, ट्रॅक्टर बाहेर उभा, म्हणली, 'भाऊ, समद्या इषयाचं मिळून एकच पुस्तक आसतंय म्हणं, ते द्या, कोपीवर जागा नाय.' तिला तो चार भागांचा प्रकार कोणीतरी सांगितला होता. कोपी म्हणजे फडावरची पाचटाची झोपडी, तिच्यात भांडी, धान्य, अंथरूण, त्यात सात पुस्तकांना जागा कुठं. मुंबईत बसून ज्यांनी तो प्रयोग केला त्यांच्या डोळ्यासमोर ही बाई नक्कीच नव्हती, अन् ज्यांनी रद्द केला त्यांच्याही नव्हती. पण सगळ्या महाराष्ट्रात त्या पुस्तकाचा खरा उपयोग कोणाला होता तर तिच्या पोराला. उसाच्या फडावर गेलेल्या लेकराबरोबर शाळेतली एकच गोष्ट जाऊ शकते अन् ती म्हणजे पुस्तक. शिक्षण हमी कार्ड देतेत, जिथं जाल तिथल्या शाळेत बसवून घ्या म्हणून, बरंय, पण कारखान्यावरून फड हलतो, शाळा मागं राहते. असं पुस्तक फक्त स्थलांतर करणाऱ्या लेकरांसाठी वेगळं काढायला काय हरकत आहे? दिवाळीनंतरचे पाठ, सगळे विषय, एका पुस्तकात, अन् असं लिहिलेलं की मास्तर नसताना, थोरल्या बहिणीच्या मदतीनं वाचता यावं. मागं तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक निघत होतंच की, बीडचं वेगळं, लातूरचं वेगळं. जिल्ह्यासाठी काढता येतं तर फडासाठी का नाही?

इंग्लिश मीडियमबद्दल जास्त बोलत नाही, त्यांचा सेट शाळेतच घ्यावा लागतो, आमच्या दुकानाला त्यातलं फक्त कव्हर अन् लेबल मिळतं. दिल्लीकडच्या पब्लिशरची गुळगुळीत पुस्तकं, किंमत ऐकून बाप खाली बसतो. आतली रिकाम्या जागांची उत्तरं मॅडम फळ्यावर लिहून देतेत, म्हणजे रोग तोच.

अन् आता गंमत बघा. एवढं सगळं करून पोरगं दहावी होतं, मार्क पडतेत, बाप शेत गहाण टाकून त्याला लातूरला नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला टाकतो. लातूर पॅटर्न. तिथं पहिल्या दिवशी सर काय सांगतेत? एनसीईआरटीचं, म्हणजे दिल्लीचं केंद्रीय पाठ्यपुस्तक, वाचा. ओळ न् ओळ वाचा. बायोलॉजीची आकृती, आकृतीखालची बारीक अक्षरातली ओळ, चौकटीतला मजकूर, सगळं. कारण नीटमधी प्रश्न तिथूनच येतो. जी चौकट दहा वर्षं सोडून दिली तीच आता सोन्याची झाली. एका पोराला विचारलं सुट्टीत आल्यावर, कसं चाललंय रे, तर म्हणला 'काका, पुस्तक वाचायची सवयच नाही, दोन पानं झाली की डोळे मिटतेत'. नव्वदच्या वर टक्के होते त्याला दहावीला. लातूरवाल्यांवर मी टीका करत नाही, त्यांचंही घोकणंच आहे, पण त्यांना एवढं कळलंय की पेपर जर पुस्तकातल्या कोणत्याबी ओळीतून निघणार असेल तर पोरं ओळ न् ओळ वाचतेत. सांगावं लागत नाही, धाक दाखवावा लागत नाही.

तेच पाचवी-आठवीला का होऊ नये, अन् तेही घोकायला न लावता. सीबीएसईनं नववीला २०२६-२७ पासून पुस्तक समोर ठेवून परीक्षा घ्यायला मंजुरी दिलीय. आपल्या बोर्डानं एक तरी पेपर तसा काढावा. पुस्तक उघडं, नकाशा समोर, 'करून पाहा' मधलं काय करून बघितलं ते लिही, तुझ्या गावच्या नदीला उन्हाळ्यात पाणी का राहत नाही ते या धड्याच्या आधारानं सांग. याचं उत्तर गाईडमधी छापता येत नाही, कारण धारूरचं उत्तर वेगळं अन् गंगाखेडचं वेगळं. मायक्रो झेरॉक्सचाबी प्रश्न मिटला, पुस्तकच समोर आहे म्हणल्यावर. तपासायला अवघड जाईल, मास्तरांची ओरड होईल, पहिल्या वर्षी निकाल पडेल. २०१९ ला पडला तसा. तवा एका वर्षात माघार घेतली तशी घेऊ नये एवढंच. अन् केंद्रप्रमुखांच्या तक्त्यात 'किती पाठ झाले' हा रकाना आहे तिथं 'किती लेकरं वाचतेत' टाकायला शासनाला एक रुपया खर्च नाही.

नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणं आता पहिलीपासून पुस्तकं बदलायला लागलीत, एक एक वर्ग पुढं सरकत जाईल. पुस्तक अजून छापून यायचं असतंय तोवर गाईडच्या कंपनीचा माणूस दुकानात हजर, बदललेल्या अभ्यासक्रमाचं म्हणून, ऑर्डर किती लिहू? देतो मी ऑर्डर, दुकान चालवायचंय. पेपर बदलला तर ती आपोआप कमी होईल, त्याला मला फोन करून सांगायची पण गरज पडणार नाही.